समुद्रात पोहणारे पेंग्विन उपाशी का मरत आहेत?

पेंग्विन म्हटलं की आपल्याला आठवते मुंबईची राणीची बाग. जुलै 2016 मध्ये दक्षिण कोरियातून तिथे आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. त्यातली एक मादी तीन महिन्यांतच जिवाणूंच्या संसर्गाने दगावली आणि मोठा वाद झाला. आज तिथल्या पेंग्विनना गारेगार खोली, वेळेवर मासे आणि पशुवैद्यकांची देखरेख मिळते.

पण खुल्या समुद्रातल्या पेंग्विनचं काय? त्यांच्या तब्येतीचा प्रश्न येऊन थांबतो तो कोकणी माणसाच्या ओळखीच्या विषयावर. तो म्हणजे मासळी.

सगळे पेंग्विन बर्फात राहतात?

नाही. हम्बोल्ट पेंग्विन पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर राहतात, तर आफ्रिकन पेंग्विन दक्षिण आफ्रिका आणि नामिबियात. यातल्या आफ्रिकन पेंग्विनला ऑक्टोबर 2024 मध्ये 'अतिसंकटग्रस्त' ठरवण्यात आलं. त्यांच्या प्रजनन करणाऱ्या 10 हजारांहून कमी जोड्या उरल्या आहेत.

त्यांचं मुख्य खाणं म्हणजे सार्डिन आणि अँचोव्ही. आपल्या भाषेत सांगायचं तर तारली आणि मांदेलीचे भाऊबंद.

पिसं बदलताना जीव का जातो?

इतर पक्ष्यांची पिसं थोडी थोडी गळतात. पेंग्विनची मात्र सगळी पिसं वर्षातून एकदा, एकदमच बदलतात. नवी पिसं येईपर्यंत अंगाला पाणी लागू न देणारं आवरण नसतं, म्हणून सुमारे तीन आठवडे तो किनाऱ्यावर उपाशी उभा राहतो. हे दिवस आधी साठवलेल्या चरबीवर काढायचे असतात. त्याआधी मासळीच मिळाली नसेल, तर चरबी पुरत नाही.

डॅसन आणि रॉबेन या दोन बेटांवर 2004 नंतरच्या सात-आठ वर्षांत असे 60 हजारांहून अधिक पेंग्विन मेले असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्याच काळात तिथल्या समुद्रात सार्डिनचा साठा खूप घटला होता. त्याला पाण्याचं बदललेलं तापमान आणि क्षारता जबाबदार होती, तशीच मासेमारीही.

मग डॉक्टर काय करतात?

बरंच काही. जून 2000 मध्ये 'ट्रेझर' नावाचं जहाज याच दोन बेटांजवळ बुडालं आणि तेल पसरलं. पिसांना तेल लागलं की पक्षी गारठतो आणि चोचीने पिसं साफ करताना ते तेल पोटात जातं. तेव्हा तेल लागलेले सुमारे 19 हजार पेंग्विन गोळा करून धुतले गेले, औषधोपचार केले गेले आणि त्यातले बहुतेक बरे झाले. जवळपास तितकेच निरोगी पेंग्विन शेकडो किलोमीटर दूर नेऊन सोडले. ते पोहत घरी पोहोचेपर्यंत समुद्र बराचसा साफ झाला होता!

आईबापांची पिसं बदलत असताना मागे राहिलेली पिल्लंही केंद्रात वाढवून समुद्रात सोडली जातात. अशी पिल्लं जंगली पिल्लांइतकीच तग धरतात, असं अभ्यासात दिसलं आहे.

बर्ड फ्लूपुढे मात्र डॉक्टरांचे हात बांधलेले असतात. 2023 मध्ये चिलीत हजारो हम्बोल्ट पेंग्विन मेले. समुद्रातल्या पक्ष्यावर उपचार करणं जवळजवळ अशक्य, म्हणून मेलेले पक्षी लगेच उचलणं आणि आजारी पक्षी वेगळे ठेवणं यावरच भर असतो.

उपाय दवाखान्याबाहेर

बरा केलेला पेंग्विन पुन्हा त्याच रिकाम्या समुद्रात गेला, तर उपयोग काय? हाच मुद्दा घेऊन संवर्धन संस्था न्यायालयात गेल्या. मार्च 2025 मध्ये मासेमारी उद्योगाशी तडजोड झाली. त्यानुसार सहा वसाहतींभोवतीच्या ठरलेल्या पट्ट्यात सार्डिन आणि अँचोव्ही पकडणाऱ्या पर्ससीन बोटींना बंदी आहे.

पर्ससीन हा शब्द सिंधुदुर्गाला नवा नाही. मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांनी या जाळ्यांविरुद्ध वर्षानुवर्षं आंदोलनं केली आणि 2016 मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले. आपल्याकडे पेंग्विन नाहीत, पण किनाऱ्याजवळच्या मासळीवर जगणारे डॉल्फिन आहेत, समुद्री गरुड आहेत आणि रापण ओढणारी माणसंही आहेत. कुडाळच्या बाजारात तारलीचा वाटा महागला, की त्याची झळ आपल्याआधी समुद्रात कुणाला तरी बसलेली असू शकते.