कुळथाचा अर्क आणि बॉम्बे रक्तगट

माणसाचा रक्तगट ठरतो तो तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर असलेल्या शर्करांच्या छोट्या साखळ्यांवरून. साखळीच्या टोकाला एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसामाइन ही शर्करा असली की गट ए, गॅलॅक्टोज असली की बी, दोन्ही प्रकारच्या साखळ्या असल्या की एबी आणि दोन्ही नसल्या की ओ. फरक एका शर्करेपुरता, पण चुकीच्या गटाचे रक्त चढवले तर तेवढ्या फरकानेही जीव जाऊ शकतो. ज्याच्या पेशींवर ए नाही त्याच्या रक्तद्रवात ए-विरोधी प्रतिपिंडे असतात. ज्याच्या पेशींवर बी नाही त्याच्या रक्तद्रवात बी-विरोधी. बाहेरचे रक्त कधी चढवलेले नसले तरी ती जन्मानंतर काही महिन्यांतच तयार होऊ लागतात, कारण आतड्यातल्या जिवाणूंच्या अंगावरही अशाच शर्करा असतात.

व्हिएन्नातील कार्ल लँडस्टायनर यांनी १९००-०१ मध्ये सहकाऱ्यांच्या रक्ताचे नमुने एकमेकांत मिसळून पहिले तीन गट ओळखले. एबी १९०२ मध्ये सापडला. लँडस्टायनर यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९२४ मध्ये फेलिक्स बर्नस्टाइन यांनी या गटांच्या आनुवंशिकतेचा नियम मांडला, १९४० मध्ये आरएच घटकाची माहिती प्रसिद्ध झाली आणि ‘पॉझिटिव्ह-निगेटिव्ह’ ही जोड रक्तगटाला मिळाली.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत रक्तगट तपासणे हा दहा मिनिटांचा प्रयोग आहे. बोटाच्या टोकाला सुई टोचायची, काचेच्या पट्टीवर रक्ताचे तीन थेंब ठेवायचे आणि त्यांत निळसर अँटी-ए, पिवळसर अँटी-बी व आरएच घटकासाठी रंगहीन अँटी-डी अशी सीरम घालून वेगवेगळ्या काड्यांनी ढवळायचे. पट्टी हलकेच झुलवली की जिथे प्रतिपिंड आणि पेशी जुळतात तिथे एकजीव लाल थेंब फुटतो आणि विटेच्या भुकटीसारखे कण दिसू लागतात. हे झाले पेशींचे परीक्षण. रक्तपेढी एवढ्यावर थांबत नाही. रुग्णाच्या पेशी बाजूला ठेवून त्याच्या रक्तद्रवात ए, बी आणि ओ गटांच्या माहितीतल्या पेशी घालून पाहिल्या जातात. दोन्ही उत्तरे जुळली तरच गट नोंदवायचा. या उलट तपासणीला विद्यार्थी दुय्यम मानतात; ती किती मोलाची आहे, हे पुढे दिसेलच.

चाचणीसाठी लागणारे द्रव्य नेहमी प्राण्याच्या किंवा माणसाच्या रक्तातूनच यावे लागते असे नाही. काही वनस्पतींच्या बियांत ठरावीक शर्करेला चिकटणारी प्रथिने असतात. त्यांना लेक्टिन म्हणतात. या क्षेत्रातील अतिशय मोलाचा शोध पुण्यात लागला आणि तोही कुळथातून. सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातील जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ मध्ये ‘करंट सायन्स’ या भारतीय नियतकालिकात दाखवून दिले की कुळथाचा अर्क ए गटाच्या पेशींचे पुंजके करतो. बी आणि ओ गटांच्या पेशी मात्र तशाच मोकळ्या राहतात. कारण सरळ आहे: कुळथातले लेक्टिन एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसामाइनला चिकटते आणि ए गटाच्या साखळीच्या टोकाला नेमकी तीच शर्करा असते.

कुळथाची खरी करामत यापुढची आहे. ए गटातही ए१ आणि ए२ असे दोन मुख्य उपगट आहेत. ए१ गटाच्या एका प्रौढ पेशीवर ए प्रतिजनाच्या सुमारे १० लाख जागा असतात, ए२ पेशीवर सुमारे अडीच लाख. कुळीथ भरडून ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात भिजवायचा, गाळून अर्क घ्यायचा आणि तो बेताने पातळ करत जायचा. एका टप्प्यावर ए१ पेशींचे ठसठशीत पुंजके होतात आणि ए२ पेशींचे होत नाहीत. जास्त तीव्र अर्क ए२ पेशींनाही पकडतो, म्हणून पातळ करण्याच्या त्या टप्प्यातच सारे कसब. जगभरातल्या रक्तपेढ्यांत ए१ ओळखण्यासाठी आजही याच बियांतले लेक्टिन वापरतात. कोकणात पिठीसाठी आणि घाटावर हुलगा म्हणून शेंगोळी-माडग्यासाठी वापरले जाणारे हे कडधान्य. शिजवल्यावर उष्णतेने लेक्टिनची ही शक्ती जाते, त्यामुळे खाणाऱ्याने रक्तगटाची चिंता करण्याचे कारण नाही. स्वयंपाकघरातल्या डब्यातून थेट रेणूच्या टोकापर्यंत नेणारे असे उदाहरण विज्ञानाच्या विद्यार्थ्याला दुसरे क्वचितच मिळेल.

आता ओ गटाकडे वळावे. ओ गटाच्या पेशींवर ए नाही, बी नाही. पण म्हणून त्या उघड्या नाहीत. त्यांच्या साखळीच्या टोकाला फ्यूकोज ही शर्करा असते आणि या रचनेला एच प्रतिजन म्हणतात. ए किंवा बी शर्करा जोडणारी विकरे फ्यूकोज असलेलीच साखळी ओळखतात. तळमजल्यावाचून वरचा मजला चढत नाही, तसे एच नसेल तर ए आणि बी यांनाही जागा नाही. ओ गटात वरची शर्करा जोडणारे विकर निकामी असते, बहुधा जनुकातले एकच अक्षर गळाल्यामुळे. म्हणून सगळा एच तसाच उरतो. ए१ पेशींवर एच थोडा, ए२ पेशींवर त्याहून जास्त आणि ओ पेशींवर सर्वांत जास्त असतो. हा एच शोधायलाही वनस्पतीच उपयोगी पडते: युलेक्स युरोपियस हे पिवळ्या फुलांचे काटेरी युरोपीय झुडूप, जे आता निलगिरीतही रुजले आहे.

एखाद्याला हा एचच बनवता आला नाही तर? या प्रश्नाचे उत्तर मुंबईने दिले. डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया यांना तीन व्यक्तींचे रक्त असे आढळले की पेशींच्या तपासणीत ते ओ ठरे, पण त्यांचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींचेही पुंजके करी. ओ गटाला ओ चालते हा तर पहिला धडा, आणि इथे तोच मोडत होता. नमुन्यांचा अभ्यास लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्या साथीने झाला आणि १९५२ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. या व्यक्तींच्या पेशींवर ए, बी आणि एच तिन्ही नव्हते आणि रक्तद्रवात तिन्हींविरुद्ध प्रतिपिंडे होती. हाच बॉम्बे रक्तगट. विसंगत निकालाला हाताची चूक समजून तो नमुना फेकून दिला असता तर हा शोध लागलाच नसता.

१९५५ मध्ये अमेरिकेत फिलिप लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी तपासलेल्या एका कुटुंबाने पुढचा दुवा जोडला. आई ओ भासणारी, वडील ए आणि मुलगी एबी! शाळेत शिकवलेल्या नियमाने हे अशक्य. प्रत्यक्षात आईकडे बी चे जनुक शाबूत होते. एच नसल्याने ते तिच्या पेशींवर व्यक्त होत नव्हते. वडिलांकडून एच चे चालू जनुक मिळताच मुलीत बी उमटला. एक जनुक दुसऱ्याचे काम झाकून टाकते, याचा इतका स्वच्छ पुरावा माणसात फार थोड्या ठिकाणी सापडतो. पित्याविषयी शंका घेण्याआधी तपासणी पूर्ण करावी, हा त्यातला माणुसकीचा धडाही तितकाच महत्त्वाचा.

ए-बी-ओ चे जनुक नवव्या गुणसूत्रावर आहे आणि एच बनवणारे एफयूटी१ एकोणिसाव्यावर. एफयूटी१ च्या दोन्ही प्रती निकामी असतील तरच बॉम्बे गट दिसतो. आई-वडील दोघेही एकेक निकामी प्रत बाळगत असतील तर प्रत्येक अपत्याला या गटाची शक्यता २५ टक्के. भारतात हा गट साधारण १०,००० लोकांत एकाचा आढळतो, युरोपात सुमारे १० लाखांत एकाचा. नात्यातल्या लग्नांनी दोन निकामी प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते.

बॉम्बे गटाच्या रुग्णाला बॉम्बे गटाच्याच तांबड्या पेशी द्याव्या लागतात. आरएच घटक वेगळा पाहावा लागतो, कारण या गटातही पॉझिटिव्ह-निगेटिव्ह असतात. चुकून ओ रक्त दिले तर एच-विरोधी प्रतिपिंडे शरीराच्या तापमानालाच दात्याच्या पेशी फोडतात. थंडी-ताप, कंबरदुखी, गडद लघवी आणि पुढे मूत्रपिंड निकामी होणे असा धोका असतो. रक्तद्रवाच्या तपासणीत ओ पेशींची नळी ठेवली, तर हा गट तिथेच उघड होतो. ती टाळली तर भिस्त उरते ती दात्याच्या पेशी आणि रुग्णाचा रक्तद्रव जुळवून पाहणाऱ्या क्रॉसमॅचवर. म्हणून ती नळी कधीही वगळू नये.

दाता शोधताना पहिली तपासणी सख्ख्या भावंडांची करावी. नेहमीच्या साठवणुकीत रक्त ३५ दिवस टिकते. ग्लिसरॉल घालून उणे ८० अंशांना गोठवलेल्या तांबड्या पेशी मात्र १० वर्षांपर्यंत ठेवता येतात. शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर रुग्णाचे स्वतःचे रक्त आधी काढून ठेवणे हाही चांगला मार्ग आहे. स्वयंसेवी संस्था आणि रक्तपेढ्या या गटाच्या दात्यांच्या याद्या ठेवतात. आपला गट बॉम्बे आहे असे कळलेल्या प्रत्येकाने त्या यादीत नाव नोंदवावे आणि गटाची लेखी नोंद कायम जवळ बाळगावी.