खाऱ्यावर तरंगणारं गोडं पाणी

अलिबागहून रेवदंड्याकडे निघालं की आक्षी, नागाव, चौल ही गावं इतकी हातात हात घालून येतात की एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे लागलं ते नवख्याला कळतच नाही. रस्ता किनाऱ्याला समांतर. रस्त्यालगत घर, घरामागे विहीर, मग नारळ-पोफळीची वाडी, वाडीच्या टोकाला सुरू आणि त्यापलीकडे पुळण. हे अष्टागर. अलीकडे इथल्या बऱ्याच वाड्यांमध्ये झाडांमधल्या मोकळ्या जागेत तंबू दिसू लागलेत. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं आणि पिढ्यांनी जोपासलेल्या पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या. नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. तेवढा काळ घर चालवायचं तर पाहुणे ठेवणं हा काही वाईट उपाय नाही.

तंबूची जागा मात्र वाडीवाला दाखवेल तीच घ्यावी. नारळाला डोळे असतात, तो कुणाच्या डोक्यात पडत नाही, असं कोकणात छातीठोक सांगतात; पण सांगणारा स्वतःची खाट नारळाखाली टाकत नाही, हेही बघून ठेवावं.

अशा वाडीत रात्र काढली की शाळेच्या भूगोलातला एक धडा अंगावरून वाहून जातो. दुपारभर समुद्राकडून वारा येतो, ते खारे वारे. उन्हाने जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिच्या जागी समुद्रावरची थंड हवा आत शिरते. रात्री जमीन भराभर निवते, समुद्र मात्र आपली ऊब सोडत नाही. मग उत्तररात्री वारा फिरतो आणि डोंगराकडून समुद्राकडे वाहू लागतो. हे मतलई वारे. परीक्षेत दोन मार्कांसाठी आपण हे पाठ केलं होतं. तंबूत त्याला पाठांतर लागत नाही: संध्याकाळी फुगलेली पश्चिमेची कनात पहाटे सैल पडलेली असते आणि पूर्वेची फडफडत असते. शिडांच्या होड्यांच्या काळात कोळी पहाटेच्या मतलईवर बाहेर पडत आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर घरी येत. जाण्यायेण्याचं भाडं वाराच भरायचा.

समुद्रावर कधी जायचं, याचं उत्तर मोबाइलमध्ये शोधायची गरज नाही. तिथी विचारा आणि तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल, त्या सुमाराला भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पाणी भरलेलं आणि भर दुपारी ओहोटी. पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून पुन्हा एक. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्यामागे तेवढीच रेंगाळते. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. थोडी चूक राहते, पण तोंडी हिशेबाला एवढी सूट द्यायलाच हवी. अलिबागसमोरच्या कुलाब्याच्या किल्ल्यात ओहोटीला चालत जाऊन भरतीच्या आत परत यायचं, ते या गणिताच्या भरवशावर.

वारा आणि भरती दिसतात तरी. मला सगळ्यात थक्क करते ती विहीर.

ती समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असते. रात्री लाटांचा आवाज तिच्या काठावर उभं राहून स्पष्ट ऐकू येतो. जुन्या विहिरींवर अजून रहाटाचे अवशेष दिसतात: बैल गोल फिरायचा, लोट्यांची माळ पाण्यात बुडून वर यायची, लोटे दोणीत रिकामे व्हायचे आणि तिथून पाटाने पाणी एकेका पोफळीच्या आळ्यापर्यंत जायचं. आता पंप आहे, पण पाणी तेच. शहरातून आलेला पाहुणा ते तोंडात घेण्याआधी हमखास विचारतो, "काका, खारट नाही ना?"

"प्या आणि तुम्हीच सांगा," काका म्हणतात.

पाणी गोडं असतं. वाळूत खणलेली विहीर, शेजारी अख्खा अरबी समुद्र, मध्ये ना भिंत ना पडदा, आणि तरी गोडं!

इथे पावसाळ्यात 2000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला काही वाळूत मुरतो, काही पूर्वेच्या डोंगरांकडून जमिनीखालून सरकत येतो. आत आधीच समुद्राचं पाणी शिरलेलं असतं. गोडं पाणी हलकं, खारं जड. वाळूच्या बारीक फटींत दोन्ही घुसळली जात नाहीत, त्यामुळे गोडं वर राहतं आणि मधली सीमा थोडीशीच मचूळ होते. पण ते नुसतं पातळ थरासारखं वर पसरत नाही. माल भरलेली होडी जशी थोडी वर आणि बरीचशी पाण्याखाली असते, तसं ते बसतं. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड, म्हणजे एकास एक पूर्णांक पंचवीस सहस्रांश. हा अडीच टक्क्यांचा फरक उलटा मांडला की चाळीस येतात. जमिनीतल्या गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा 1 मीटर उंच असेल, तर खाली 40 मीटरपर्यंत गोडंच पाणी असू शकतं!

हे सूत्र बॅडन गायबेन या डच अभियंत्याने 1888 मध्ये मांडलं. हेर्झबेर्ग या जर्मन माणसाने उत्तर समुद्रातल्या बेटांवरच्या विहिरी बघून 1901 मध्ये तेच स्वतंत्रपणे सांगितलं. दोघांच्या नावाने ते आज ओळखलं जातं. अष्टागरात चाळीसपटीचा पुस्तकी आकडा जसाच्या तसा सापडेल असं नाही. वाळूखाली काळा कातळ आहे आणि कातळ सूत्र वाचून बसलेला नसतो. पण तोल तोच.

हे गणित उलटंही चालतं, आणि तिथे अंगावर काटा येतो. उपशाने पातळी कायमची 1 मीटर उतरली, तर खालची खारी सीमा हळूहळू 40 मीटर वर सरकते. शिवाय पंप ज्या जागी ओढतो, नेमक्या तिथे खारं पाणी सुळक्यासारखं वर चढतं. बैलाचा रहाट विहिरीच्या वरच्या पाण्याला हळूहळू उचलायचा. खोल बोअरवेलला जोरदार मोटर लावली की ती थेट त्या सुळक्याच्या टोकाशी पोचते. नारळ थोडा खारेपणा सोसतो, पोफळीला तो मानवत नाही. म्हणून मुरलेला वाडीवाला पाहुण्यांना शॉवरऐवजी बादली देतो, आणि ती कंजुषी नव्हे.

समुद्र या विहिरीला आणखी एका प्रकारे हात लावतो. भरती चढते तेव्हा वाळूतलं खारं पाणी वर रेटलं जातं आणि त्याच्यावरचं गोडंही उचललं जातं. विहिरीचं पाणी थोडंसं वर येतं, ओहोटीला उतरतं. वाळूतून वाट काढताना हा रेटा मंदावतो, म्हणून पुळणीपासून विहीर जितकी लांब, तितका चढउतार कमी आणि तितका उशिरा.

तंबूतला मुक्काम असेल तर हे स्वतः बघता येतं. पंप बंद असलेली रात्र निवडा, काकांची परवानगी घ्या, दोरीला दगड बांधून सोडा आणि पाण्याच्या पातळीशी दोरीवर गाठ मारा. दर तासाला पुन्हा मोजा. पाणी सगळ्यात वर कधी आलं ते लिहून ठेवा, तिथीची पाऊणपट काढा आणि दोन वेळांमध्ये किती अंतर पडतं ते बघा. भरतीला तुमच्या विहिरीपर्यंत पोचायला लागलेला तो वेळ.