धुऱ्यावरची फुलपाखरं कशी टिपाल?

जाम नदीकाठच्या सावरगावात फुलपाखरांसाठी जंगल गाठायची गरज नाही. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत शेताचे धुरे आणि संत्राबागा पुरेशा आहेत.

कंबरमोडी (एकदांडी): इवल्या निळ्या-पिवळ्या फुलपाखरांची आवडती. फूल बुटकं, म्हणून पोटावर झोपून कॅमेरा त्याच्या उंचीवर आणा.

रुई: केशरी प्लेन टायगर हिच्या पानांवर अंडी घालते. अळी चिकातलं विष अंगात साठवते, म्हणून पक्षी या फुलपाखराला टाळतात. ते संथ उडतं. नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी.

तरोटा: पिवळ्या ग्रास यलोच्या अळ्यांचं खाद्य. उपटून टाकण्याआधी पानं न्याहाळा.

संत्रा, लिंबू: लाइम बटरफ्लायची कोवळी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. तिचेही फोटो घ्या.

वेळ: सकाळी फुलपाखरं पंख पसरून ऊन खातात. अंग तापेपर्यंत ती फारशी उडत नाहीत. आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नका.

कॅमेरा: शटर १/५०० सेकंद, अ‍ॅपर्चर एफ/८. पंख मिटलेले असतील तर बाजूने, उघडे असतील तर वरून टिपा. लेन्सचा रोख पंखांशी काटकोनात ठेवला की दोन्ही टोकं स्पष्ट येतात.

नोंद: २०२० पासून देशभर सप्टेंबरमध्ये फुलपाखरांच्या नोंदी घेण्यासाठी ‘बिग बटरफ्लाय मंथ’ साजरा होतो. तारीख, गाव आणि झाडाचं नाव लिहिलेला फोटो अभ्यासकांच्या कामी येतो.

काळजी: नुकतीच फवारणी झालेल्या बागेत शिरू नका. फुलपाखराला हात लावू नका. पंखांवरचे खवले गळतात आणि पुन्हा येत नाहीत.