भांडी कोणी आणायची?

अमेरिकेत जून १९३८ च्या अंकातून ‘सुपरमॅन’ प्रथम वाचकांपुढे आला. त्याचे जनक जेरी सीगल व जो शूस्टर हे ज्यू स्थलांतरितांचे पुत्र. नष्ट होणाऱ्या ग्रहावरून यानात घालून सोडलेल्या त्यांच्या बालकात अनेकांना नदीकाठी करंडीत ठेवलेला मोशे दिसतो. यावरून चित्रकथांतील महावीर हे बायबलातील संदेष्ट्यांचेच नवे अवतार होत, असे म्हटले जाते. आमच्या मते हे साम्य वरवरचे आहे.

नवापूर परिसरातील ख्रिस्ती घरांना अलीशाची कथा परिचित असेल. एका विधवेची दोन मुले सावकार दास म्हणून नेणार होता आणि घरात तेलाच्या एका भांड्यावाचून काही नव्हते. अलीशाने सावकाराला उचलून आपटले नाही. ‘शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण,’ असे त्याने तिला सांगितले. भांडी संपली तेव्हा तेलही थांबले. ते विकून तिने कर्ज फेडावयाचे होते. सुपरमॅनच्या कथेत नागरिक बहुधा प्रेक्षक असतात. संकट टळते, वीर उडून जातो आणि माणसे होती तशीच राहतात.

सुपरमॅन अवतरला त्याच वर्षी तळोदे तालुक्यातील मोरवडचे गुलाम महाराज निवर्तले. त्यांच्याभोवतीही श्रद्धेचे वलय होते. परंतु भिल्ल बांधवांकडे त्यांनी मागितले ते आचरण : दारू सोडा, नित्य स्नान करा, परस्परांना ‘आप’ म्हणा. दारूचा पैसा घरात राहिला की सावकाराचा उंबरठा तेवढा दूर जातो, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. ज्याला इतरांनी सदैव ‘अरे-तुरे’ केले, त्याला ‘आप’ म्हणणे हीसुद्धा एक भांडवलाची उभारणीच होती.

निर्व्यसनी होऊन गेलेली जमीन परत येते काय, असा आक्षेप घेतला जाईल. केवळ तेवढ्याने येत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. म्हणूनच १९७० नंतर शहादे परिसरात अंबरसिंग महाराजांनी भजनाला संघटनेची जोड दिली आणि जमिनीचा व मजुरीचा प्रश्न उभा राहिला. शेजाऱ्यांकडून आणलेली भांडी म्हणजे हीच संघटना.

आजही आपण प्रत्येक निवडणुकीत आकाशाकडे पाहून तारणहाराची वाट पाहतो. कर्जमाफी जरूर यावी. पण तेल ओतले जाईल तेव्हा ते धरावयास गावात भांडी किती असतील, हा हिशेब आपल्यालाच मांडावा लागेल.