आधी ओळख, मग औषध

ग्वाल्हेरचे नाव निघाले की मराठी मनाला शिंद्यांची गादी आठवते, तो प्रचंड किल्ला आठवतो आणि तानसेनाची समाधी आठवते. त्याच जिल्ह्यातील डबरा या गावाचे नाव इतिहासप्रेमींच्या ओठांवर सहसा येत नाही. परंतु शेतीच्या प्रश्नांकडे गांभीर्याने पाहणाऱ्याने डबऱ्याची हकीकत अवश्य विचारात घ्यावी. शिंदे संस्थानाच्या काळात बांधलेल्या हरसी धरणाचे पाणी या भागात खेळू लागले, तेव्हा येथे ऊस बहरला व डबऱ्यास साखर कारखानाही उभा राहिला. पुढे कारखाना बंद पडला, ऊस मागे हटला आणि त्याच पाण्यावर भात पसरला. पीक बदलले तशी कीडही बदलली. मात्र किडीकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलली काय, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

उसावर येणारी पायरिला, जिला आपल्याकडे पाकोळी म्हणतात, आणि भातावर येणारा तपकिरी तुडतुडा हे दोन्ही कीटक एकाच मोठ्या कुळसमूहातले. सोंड खुपसून वनस्पतीचा रस शोषणे हा दोघांचाही धर्म. चाहूल लागताच टुणकन उडी मारणे हा दोघांचाही स्वभाव. मराठीत ‘तुडतुडे’ हा शब्द इतका सैल आहे की कपाशीवरील हिरवा तुडतुडाही त्यातच मोडतो. वस्तुतः तो निराळ्या घराण्याचा. साधे भिंग हाती घेतले तरी हा भेद दिसतो. कपाशीवरील तुडतुड्याच्या शृंगिका दोन डोळ्यांच्या मधोमध, पुढील बाजूस असतात, तर पाकोळी व तपकिरी तुडतुडा यांच्या शृंगिका डोळ्यांच्या खाली, गालावर असतात. तपकिरी तुडतुड्याच्या मागील पायाच्या नडगीला टोकाशी एक हलणारा काटा असतो. ही त्याच्या घराण्याची खूणच होय.

पाकोळी ओळखणे त्याहून सोपे. पूर्ण वाढलेला कीटक वाळल्या गवताच्या रंगाचा, लांबीने सेंटिमीटरला थोडा उणा, डोके चोचीसारखे पुढे आलेले आणि पंख घराच्या छपरासारखे मिटलेले. पिलांच्या पाठीमागे मेणकट तंतूंच्या दोन शेपट्या असतात. मादी पानाच्या मागील बाजूस पुंजक्यांनी अंडी घालते व ती पांढऱ्या मेणकट तंतूंनी झाकते. या किडीच्या अंगातून स्रवणारा गोड चिकट रस पानांवर पडतो, त्यावर काळी बुरशी चढते, पानांचे अन्न तयार करण्याचे काम मंदावते व उसातील साखर घटते. अशा उसाचा गूळही नीट वळत नाही.

तिचा प्रदेश भारताबरोबरच पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश व श्रीलंका एवढा विस्तृत आहे. ऊस हे तिचे माहेर. पण ज्वारी, मका, बाजरी, गहू आणि अनेक रानगवते यांवरही ती आपली गुजराण करते. म्हणजे शेतात ऊस नसला तरी बांधावर व शेजारच्या गव्हावर तिचा मुक्काम असू शकतो. उत्तरेच्या कडक उन्हाळ्यात तिची संख्या ओसरते आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात ती उफाळून येते. दाट, लोळलेला आणि नत्राचा अतिरेक झालेला ऊस तिला विशेष प्रिय.

तपकिरी तुडतुड्याची रीत याच्या अगदी उलट. १८५४ साली स्टॉल या स्वीडिश शास्त्रज्ञाने जावा बेटातील नमुन्यांवरून त्याला शास्त्रीय नाव दिले. आज दक्षिण आशियापासून जपानपर्यंत त्याचा संचार आहे. जपानच्या हिवाळ्यात तो तग धरत नाही. दरवर्षी वाऱ्यावर स्वार होऊन नव्याने तेथे पोहोचतो. इतका दूरचा प्रवासी, पण जेवणाच्या बाबतीत मात्र एकनिष्ठ: भात आणि भाताचे रानटी भाऊबंद, याखेरीज त्याचा वंश नीट वाढत नाही. तो पानावर नव्हे, तर चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या पातळीलगत दडून बसतो. म्हणूनच बांधावर उभे राहून पाहणाऱ्याला तो दिसत नाही. जेव्हा दिसतो, तेव्हा शेतात गोल गोल चकत्यांनी पीक करपलेले असते. १९७३-७४ साली केरळातील कुट्टनाडमध्ये त्याने जो हाहाकार केला, तो भारतीय भातशेतीला मिळालेला पहिला मोठा इशारा होता.

यजमान वनस्पतींची यादी हा केवळ पंडितांचा विषय नव्हे, हे येथे ध्यानात यावे. ज्या किडीला एकच पीक लागते, तिची साखळी पिकाला खंड देऊन तोडता येते. जिला बांधावरचे गवतही चालते, तिच्यासाठी हा उपाय अपुरा पडतो. पाकोळीच्या बाबतीत निसर्गानेच एक सैनिक दिला आहे. एपिरिकेनिया नावाच्या पतंगाची अळी तिच्या अंगाला चिकटून तिचा रस शोषते. महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक येथे हा मित्रकीटक नेऊन सोडण्यात आला व तो स्थिरावलाही. हेक्टरी ४ ते ५ हजार कोश किंवा ४ ते ५ लाख अंडी सोडावीत, अशी शिफारस आहे. पण त्याचे पांढरे कोश पानांवर असतात. पाचट पेटवले की मित्रच जळून जातो. तपकिरी तुडतुड्यावर हा सैनिक निरुपयोगी. तेथे लावणीत पट्टे सोडणे, नत्र बेताने देणे, शेतातील पाणी काही दिवस काढून टाकणे आणि कोळी व मिरीड ढेकूण या भक्षकांना जपणे हेच उपाय.

आणि आपण करतो काय? ‘तुडतुडे आले’ एवढे ऐकून दुकानातून बाटली आणतो. उसावर एके काळी सढळ हाताने धुरळलेल्या बीएचसी पावडरीवर १९९७ साली बंदी आली, एंडोसल्फानवर २०११ साली. भातावर काही पायरेथ्रॉइड औषधे मारली की तपकिरी तुडतुडे कमी न होता वाढतात, कारण आधी मरतात ते त्यांचे शत्रू. इमिडाक्लोप्रिडला तर आशियातील अनेक देशांत हा कीटक दाद देईनासा झाला आहे. चुकलेल्या ओळखीची किंमत शेतकऱ्याच्या खिशातून, मातीतून आणि अखेरीस आपल्या ताटातून वसूल होते.

गोमंतकाने याकडे परक्याची गोष्ट म्हणून पाहू नये. धारबांदोड्याच्या संजीवनी कारखान्याचे गाळप २०१९-२० च्या हंगामापासून थांबले आणि तेथील ऊस उत्पादकांपुढे पुढे काय लावावे हा प्रश्न उभा राहिला. डबऱ्याने ज्या वळणावर उसाची साथ सोडली, त्याच वळणावर आपले काही शेतकरी आहेत. आणि सरद व वायंगण अशी भाताची दोन पिके एकापाठोपाठ घेणाऱ्या शेतांत, केवळ भातावर जगणाऱ्या किडीला अन्नाचा खंड पडू न देण्याची सोय आपणच करून ठेवत असतो.

ग्वाल्हेरला २००८ साली स्वतंत्र कृषी विश्वविद्यालय मिळाले. कोकणाला दापोलीचे विद्यापीठ १९७२ पासून आहे. जुने गोवे येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची संस्था आहे. ज्ञानाची उणीव नाही. ते बांधापर्यंत पोहोचत नाही, ही उणीव आहे. प्रत्येक विभागीय कृषी कार्यालयात स्थानिक किडींचे नमुने, एक भिंग आणि ते वापरून दाखवणारा एक जाणता माणूस असावा, ही मागणी अवास्तव खचित नाही. फवारणीच्या एका फेरीपेक्षा तिचा खर्च अधिक नाही. वैद्य नाडी पाहिल्याशिवाय मात्रा देत नाही. पिकाच्या बाबतीत एवढाच विवेक शासनाने व शेतकऱ्याने दाखवावा, इतकेच आमचे म्हणणे आहे.