स्पीकरची पेटी : माप आतले, सांधा पक्का

आपल्या समाजात सुतारकामाचा हुनर असलेले हात पुष्कळ आहेत. तयार फर्निचरमुळे काम मिळत नाही, अशी त्यांची तक्रार असते. अशा कारागिरांना स्पीकरच्या पेट्या हे चांगले जोडकाम आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून शौकीन लोक सुटे स्पीकर आणतात व मनासारखी पेटी बनवून घेतात.

मीही दुकानासाठी दोन पेट्या करून घेतल्या होत्या. पॉलिश झकास, पण आवाज वाढवला की थरथर आणि फुसफुस. खोलल्यावर दोन चुका दिसल्या.

पहिली चूक मापाची. स्पीकरला किती लिटरची पेटी हवी याचे गणित ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थील यांनी १९६१ साली मांडले. रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात ते पुढे नेले. हे माप आतल्या हवेचे असते. बाहेरून ४० × ३० × २५ सेंटिमीटरची पेटी ३० लिटरची वाटते. पण १८ मिलिमीटरचा बोर्ड वापरला तर आत सुमारे साडेवीस लिटरच उरतात. म्हणून आधी आतले माप ठरवावे, मग जाडी मिळवून फळ्या कापाव्यात. आतल्या पट्ट्या व खुद्द स्पीकर जागा खातात, तीही धरावी.

दुसरी चूक सांध्याची. समोरासमोरच्या फळ्या यंत्राच्या एकाच मापावर कापाव्यात, म्हणजे काटकोन चुकत नाही. एमडीएफच्या कडेला स्क्रू मारण्यापूर्वी बारीक भोक पाडावे, नाहीतर बोर्ड फाटतो. कडेला फेव्हिकॉल भरपूर लावून शिकंजात आवळावे. मोठ्या फळ्यांमध्ये आडवी पट्टी दिली की थरथर थांबते. स्पीकरच्या कडेखाली फोमची पट्टी बसवावी. एमडीएफचा भुसा बारीक असतो. तोंडाला मास्क लावावा. कोकणासारख्या दमट हवेत हा बोर्ड फुगतो, तिथे चांगला प्लायवुड घ्यावा.

पूर्ण बंद पेटीची परीक्षा सोपी आहे. स्पीकरचा पडदा बोटांनी हलकेच आत दाबून सोडावा. सावकाश परत आला तर पेटी पक्की. झटकन आला तर हवा कुठून तरी निसटते.

आम्ही कापडवाले गजाने मोजतो, सुतार फुटाने. पण गिऱ्हाईक पेटी उघडून पाहत नाही. न दिसणाऱ्या जागीही माप पुरे भरणाऱ्याच्याच रोजीत बरकत येते.