केबलचे दुसरे टोक

समुद्राखालच्या केबलींचा अभ्यास करताना मला एक गोष्ट उशिरा उमगली. खरा पहारा असतो तो किनाऱ्यावर. १९२० साली वेस्टर्न युनियनची तारायंत्राची केबल मायामीला उतरू नये म्हणून अमेरिकेने युद्धनौका पाठवल्या. पलीकडे ती ब्राझीलमध्ये मक्तेदारी असलेल्या ब्रिटिश कंपनीला जोडली जाणार होती. त्या वादातून आलेला १९२१ चा परवाना कायदा आजही लागू आहे.

परवाना दूरसंचार आयोग देतो. मात्र परकी मालकीचा प्रश्न आला की न्याय, गृहसुरक्षा व संरक्षण खात्यांची समिती अर्ज तपासते. मालक कोण? किनाऱ्यावरच्या केंद्रात हात कोणाचा? दुसरे टोक कोणत्या सरकारच्या हुकमतीत? एप्रिल २०२० च्या आदेशाने पहिल्या तपासणीला १२० दिवसांची मुदत घातली.

लॉस एंजेलिस ते हाँगकाँग ‘पॅसिफिक लाइट’ केबलीत गूगल आणि फेसबुकबरोबरचा भागीदार चिनी मालकीचा होता. बहुतांश केबल अंथरून झाल्यावर, जून २०२० मध्ये, समितीने हाँगकाँगची जोडणी नाकारण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये परवाना मिळाला तो तैवान आणि फिलिपिन्सपुरता.

इथे अपराध सिद्ध व्हावा लागत नाही, धोक्याची शक्यता पुरते. म्हणूनच ही तपासणी जितकी गरजेची, तितकीच तिच्यावरही नजर हवी.